मुलाची बदली बेटावर झाली

अमेरिकेतल्या युटा राज्यातून एका आईचं पत्र आलं आहे. नाव-गाव वगळून थोडक्यात सांगते.

बाई मूळच्या सांगलीच्या. यजमानांच्या नोकरीमुळे १६ वर्षांपूर्वी सॉल्ट लेक सिटीजवळच्या एका गावात राहायला गेल्या. गल्लीतली बहुतेक घरं मॉर्मन, म्हणजे युटात मुख्य ठाणं असलेल्या एका ख्रिस्ती चर्चची. मुलगा तिथेच वाढला, त्याचे सगळे मित्र त्याच चर्चमधले. १८ पूर्ण झाल्यावर त्याने बाप्तिस्मा घेतला. वडिलांनी सहा महिने अबोला धरला. मुलाने दीड वर्ष एका गोदामात रात्रपाळी करून पैसे साठवले आणि दोन वर्षांच्या मिशनसाठी, म्हणजे चर्चच्या धर्मप्रचाराच्या कामासाठी, नाव दिलं. नेमणूक झाली फिलिपिन्सला. आज तो २० वर्षांचा आहे आणि घर सोडून त्याला नऊ महिने झालेत. पहिले साडेसहा महिने बिकोल प्रदेशातल्या एका मोठ्या गावात तो छान रमला होता. तीन आठवड्यांपूर्वी त्याला तिथून उचलून एका बेटावरच्या लहानशा गावी पाठवलं. तेव्हापासून दर आठवड्याच्या फोनवर त्याचा चेहरा उतरलेला असतो. "इथे मला कोणी ओळखत नाही," म्हणतो. "मी बोललो की म्हातारी माणसं हसतात," म्हणतो. मिशनच्या कामातला त्याचा नवा जोडीदार फारसा बोलत नाही. वडील म्हणतात, "मी सांगितलंच होतं, आता परत बोलव." बाईंचे प्रश्न तीन: त्याला परत बोलवावं का? निदान आपण जाऊन भेटून यावं का? आणि सांगलीच्या सासूबाईंना "तो समाजसेवेसाठी गेलाय" एवढंच सांगितलंय, त्यांना खरं काय ते सांगावं का?

ताई,

पत्रात तुम्ही एक वाक्य दोनदा लिहिलं आहे. "काहीतरी चुकलं असणार त्याचं, नाहीतर चांगल्या जागेवरून उचलून असं आडगावी कोण टाकतं?" मी तिथूनच सुरुवात करते, कारण तुमची झोप उडवली आहे ती या वाक्याने.

बदली हा शब्द आपल्या घरांमध्ये साधा राहिलेला नाही. सोयीची बदली, गैरसोयीची बदली, रागाने केलेली बदली. "गडचिरोलीला टाकतील" ही धमकी मी लहानपणापासून ऐकत आले, आणि ते ऐकून गडचिरोलीच्या माणसांना काय वाटत असेल हा विचार माझ्या मनात यायला पन्नाशी उजाडली. माझे वडील पोस्टात होते. दहावीपर्यंत माझ्या पाच शाळा झाल्या. ऑर्डर आली की घरात पहिला प्रश्न हाच निघायचा, साहेबांच्या डोळ्यांत काय खुपलं? बहुतेक वेळा काहीच खुपलेलं नसायचं. कुठेतरी एक पोस्टमास्तर निवृत्त झालेला असायचा आणि त्याची खुर्ची भरताना चार माणसं सरकलेली असायची.

तुमच्या मुलाच्या मिशनमध्ये हेच घडतं, फक्त फार भराभर. मुलं २४ महिन्यांसाठी जातात, मुली १८. दर सहा आठवड्यांनी काहींची मुदत संपते, ती घरी जातात, आणि नव्यांची तुकडी येते. कोणीही एकट्याने राहायचं नाही, जोडीनेच राहायचं आणि जोडीनेच हिंडायचं, हा तिथला पक्का नियम. त्यामुळे एकजण घरी गेला की त्याची जोडी मोडते, तिथे दुसरा कोणीतरी द्यावा लागतो, आणि तो दुसरा जिथून काढला तिथली जोडी मोडते. सोंगट्या सरकल्यासारखी ही साखळी सरकत जाते. हे ठरवतात मिशन प्रेसिडेंट, म्हणजे तिथल्या मिशनचे प्रमुख, आणि ते प्रार्थना करून ठरवतात असं ही मुलं मानतात. तिथे ट्रान्स्फर हा शब्द इतका रोजचा आहे की काळही त्यातच मोजतात, "मला इथे दोन ट्रान्स्फर झाले" म्हणजे बारा आठवडे झाले. हे लक्षात घेतलं तर तुमच्या मुलाला पहिल्या गावात साडेसहा महिने मिळाले ही भरपूर मुदत होती. उठवलं जाणारच होतं.

तेव्हा त्याचं काही चुकलं असेल ही शंका त्याच्यासमोर बोलून दाखवू नका. तो त्या वयात आहे की आईच्या आवाजातली शंका त्याला लगेच कळेल, आणि त्याच्या स्वतःच्या मनात ती नसली तरी रुजेल.

आता तो काय म्हणतो ते आपण जरा जवळून पाहू. कोणी ओळखत नाही. माणसं हसतात. जोडीदार बोलत नाही. ताई, यात "माझी श्रद्धा उरली नाही" असं कुठे आहे का? "मला परत यायचंय" असं आहे का? पत्रात तरी मला दिसलं नाही. तुम्ही लिहिलंत, "तो तोंडाने म्हणत नाही, पण मला कळतं." आईला बरंच कळतं, हे मी नाकारणार नाही. पण आईला जे कळतं त्यात तिची स्वतःची भीती किती मिसळली आहे हे तिचं तिलाही सांगता येत नाही. मी हे माझ्या मुलीच्या बाबतीत चुकलेली बाई म्हणून सांगते. ती पहिल्यांदा हॉस्टेलवर गेली, तेव्हा आठव्या दिवशी मी तिला घेऊन आले. तिने फक्त जेवण आवडत नाही म्हटलं होतं. पुढचं सगळं मी ऐकलं होतं, ती बोललीच नव्हती. ते वर्ष तिचं गेलं.

तिसरा आठवडा हा नव्या गावातला सगळ्यात वाईट आठवडा असतो. पहिल्या आठवड्यात नवलाई असते, दुसऱ्यात सामान लागत असतं. तिसऱ्यात हात रिकामे होतात आणि जुनं गाव आठवायला लागतं. मला आठवतंय, आम्ही परभणीला गेलो तेव्हा आई पहिले पंधरा-वीस दिवस कोणाशी बोलली नव्हती. कोकणातून आलेली, तिला तिथलं पाणी कळेना, भाकरी कळेना, बायकांच्या बोलण्यातला हेल कळेना. एका संध्याकाळी तिने एक वाटी हातात घेतली, शेजारचं दार वाजवलं आणि विरजण मागितलं. आमचं विरजण काही संपलं नव्हतं. झाकून ठेवलेली विरजणाची वाटी मी मागल्या फडताळात पाहिली होती. शेजारच्या काकूंनी विरजण दिलं, मग आईच्या दह्याला घट्टपणा का येत नाही ते सांगितलं, मग आत बसवून चहा केला. परत येताना आईची चाल बदलली होती. त्यानंतर तीन वर्षांनी परभणी सोडताना ट्रकपाशी सगळ्यात जास्त रडल्या त्या काकू.

हे तुम्हाला मुद्दाम सांगतेय. तुमचा मुलगा ज्या कामाला गेला आहे त्यात तो रोज सकाळी काहीतरी द्यायला बाहेर पडतो. पांढरा शर्ट, छातीवर काळी नावाची पट्टी, सोबत जोडीदार, आणि सांगण्यासारखं पुष्कळ काही. दार उघडणाऱ्याला आधीच ठाऊक असतं की हा आपल्याला काहीतरी द्यायला आलाय. अशा माणसाशी ओळख व्हायला वेळ लागतो. त्याने आधी काहीतरी मागायला जावं. पुस्तकी युक्ती म्हणून सांगत नाहीये, त्याला खरोखरच ज्याची गरज आहे ते मागायचं, आणि त्याला आत्ता सगळ्यात जास्त गरज आहे ती भाषेची.

त्या हसणाऱ्या म्हाताऱ्यांचं मला वाटतं असं असावं. मुलगा मिशनआधी प्रशिक्षण केंद्रात टागालोग ही तिथली मुख्य भाषा शिकला, पहिल्या मोठ्या गावात त्यावर भागलं. पण बिकोलमधल्या माणसांची घरची बोली टागालोग नाही, ती बिकोल. तीही एकसारखी नाही, दर थोड्या अंतरावर बदलते, आणि समुद्र ओलांडून बेटावर गेल्यावर तर बदलणारच. टागालोग त्यांना समजते, शाळेत आणि टीव्हीवर तीच असते. पण चुलीपाशी बसून कोणी ती बोलत नाही. पुण्याचं पुस्तकी मराठी बोलणारा गोरा मुलगा वेंगुर्ल्याच्या एखाद्या खळ्यात येऊन उभा राहिला तर तिथल्या आजीबाई काय करतील? पदर तोंडाला लावून हसतील, आणि मग हाक मारून बसायला सांगतील. ते हसू टाळण्याचं नसतं. तुमच्या मुलाला मात्र ते लागतंय, कारण त्याने सात-आठ महिने घाम गाळून एक भाषा कमावली आणि बोटीतून उतरल्यावर तो पुन्हा मुका झाला. त्याचं दुःख खरं आहे. त्याला "काही नाही रे, होईल सवय" म्हणू नका. "एवढी मेहनत करून शिकलेलं तिथे चालेना, म्हणजे राग येणारच" असं म्हणा. पाहा तो कसा बोलायला लागतो.

आणि त्याला सांगा, रोज एका माणसाला एक शब्द विचार. बिकोलमध्ये आभार मानताना म्हणतात, "दिओस माबालोस". देव तुम्हाला त्याची परतफेड करो, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे दारात जेवलेला माणूस "देव तुमचं भलं करो" म्हणून जातो ना, तसंच. एवढे दोन शब्द बाजारातल्या मासेवाल्या बाईला तिच्या बोलीत म्हटले तर ती दुसऱ्या दिवशी त्याला नक्की ओळखेल.

जोडीदाराबद्दल तुम्ही चार ओळी लिहिल्या आहेत आणि त्या चारही तक्रारीच्या आहेत. तो फिलिपिनो आहे, इंग्रजी कमी येतं, गप्प असतो, आपल्या मुलाशी मिसळत नाही. मी त्या दुसऱ्या मुलाचा विचार करत होते. तोही विशी-एकविशीचा असेल. तोही आपल्या गावापासून दूर आहे, कदाचित त्यालाही ती बेटावरची बोली परकी असेल, कारण त्या देशात शंभराहून जास्त भाषा आहेत. त्याच्यासमोर अमेरिकेतून आलेला, भराभर इंग्रजी बोलणारा मुलगा येऊन राहिला आहे. सकाळी साडेसहाला उठण्यापासून रात्री साडेदहाला दिवा मालवेपर्यंत सतत एकमेकांच्या नजरेसमोर राहायचं, आणि बोलायचं त्यातल्या एकाला अवघड जाणाऱ्या भाषेत. मी त्याच्या जागी असते तर मीही गप्प बसले असते. त्याच्याही आईचा फोन आठवड्यातून एकदाच येतो, आणि तिलाही तिच्या मुलाने सांगितलं असेल, "नवा जोडीदार आलाय, काय बोलतो समजत नाही." पुढच्या वेळी मुलाला त्या मुलाचं नाव विचारा. त्याच्या घरी कोण कोण आहे, तो स्वयंपाकात काय करतो, ते विचारा. आईने विचारलेला प्रश्न मुलं कधीकधी खरंच पुढे नेऊन विचारतात.

आता तुमच्या फोनबद्दल. २०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत या मुलांना घरी फोन करायची परवानगी वर्षातून दोनदाच होती, नाताळला आणि मदर्स डेला. बाकी आठवड्याचं ईमेल. त्यानंतर दर आठवड्याला व्हिडिओ कॉलची मुभा मिळाली. फार चांगलं झालं, पण त्याने एक नवी गोष्टही आणली. मुलं आपल्या सुट्टीच्या दिवशी, बहुधा सोमवारी, फोन करतात; तुमच्याकडे तेव्हा रविवार असतो. त्या दिवशी कपडे धुवायचे, बाजार करायचा, खोली झाडायची. सहा दिवस हसऱ्या चेहऱ्याने दारोदार फिरलेला मुलगा त्या तासाला पहिल्यांदा टेकून बसतो, आणि समोर आई दिसते. जे आठवडाभर कोणाला दाखवलं नाही ते तो तुमच्यापाशी उतरवून ठेवतो. मग फोन बंद होतो, आणि बहुतेक तो बास्केटबॉल खेळायला जातो, त्या देशात ते प्रत्येक गल्लीत चालतं. तुम्ही मात्र ते ओझं पुढच्या रविवारपर्यंत वाहता. तुम्हाला आठवड्यातला एकच तास दिसतो, ताई, आणि तो त्याचा सगळ्यात थकलेला तास आहे.

तो तास सल्ल्यात घालवू नका. पत्रात तुम्ही लिहिलंय की फोन लागला की यजमान पहिल्याच मिनिटाला "काय ठरवलंस?" विचारतात. त्यांची काळजी मला समजते. मुलगा धर्म बदलून, शिक्षण थांबवून, स्वतःच्या खर्चाने परक्या देशात गेला, हे गिळणं बापाला सोपं नाही. पण त्या प्रश्नाने मुलाला एकच उत्तर उरतं. वाईट वाटतंय म्हणावं तर बाबा जिंकतात, आणि बरं आहे म्हणावं तर खोटं बोलावं लागतं. यजमानांना सांगा, हा प्रश्न विचारायचाच असेल तर एकदा, नीट, सरळ विचारा आणि त्यानंतर तो विषय मुलाने काढल्याशिवाय काढू नका. तुम्हीही एकदाच सांगा: "तुला राहायचं असेल तर राहा, यायचं असेल तर ये. घराचं दार दोन्ही वेळा उघडं आहे, आणि आलास तर का आलास असं या घरात कोणी विचारणार नाही." शेवटचा भाग महत्त्वाचा. तुम्ही ज्या भागात राहता तिथे मिशन अर्धवट सोडून आलेल्या मुलांकडे लोक कसे पाहतात हे तुम्हाला शेजारात दिसलं असेल. त्या नजरेच्या भीतीने काही मुलं आजार अंगावर काढतात. तुम्ही त्या चर्चच्या नाही. ही तुमची अडचण तुम्हाला वाटत आली, पण इथे ती उपयोगाची आहे. त्याला कोणत्याही नजरेशिवाय परत येता येईल असं एकच घर आहे, ते तुमचं. आणि परत येणाऱ्याला घरी राहून सेवेचं मिशन पूर्ण करण्याची सोयही त्या चर्चमध्ये आहे, म्हणजे आलं की सगळं संपलं असंही नाही.

परत बोलवावं का, या तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर मात्र नाही असंच आहे. २० वर्षांच्या मुलाला बोलवायचं नसतं. तो येईल तर स्वतः ठरवून येईल. दीड वर्ष रात्री खोकी उचलून महिन्याला ५०० डॉलरप्रमाणे दोन वर्षांचे १२,००० डॉलर त्याने उभे केले. अमेरिकन मुलांना २०२० पासून तेवढेच भरावे लागतात, मग नेमणूक स्वस्त देशात होवो की महागड्या. बाप्तिस्म्यानंतर किमान एक वर्ष थांबावं लागतं, तेवढं थांबला. हा एखाद्या लहरीत उठून गेलेला मुलगा नाही. त्याचा धर्म तुम्हाला पटो न पटो, त्याचा हा नेट तुमच्याच घरात तयार झाला आहे.

यात एक अपवाद आहे आणि तिथे मी अजिबात मऊ बोलणार नाही. नव्या गावचा उदासपणा चढतो आणि उतरतो, दुपारी वाईट वाटलं तरी संध्याकाळी कोणाच्या तरी गोष्टीवर हसू येतं. पण त्याला दोन आठवड्यांहून जास्त झोप लागत नसेल, जेवण सुटलं असेल, तो अंघोळ-कपड्यांकडे दुर्लक्ष करत असेल, बोलताना डोळे कोरडे आणि आवाज सपाट झाला असेल, किंवा "माझं असणं-नसणं सारखंच" अशा अर्थाचं काहीही बोलला, तर पुढच्या रविवारची वाट पाहू नका. त्याला स्पष्ट विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही, उलट बोलायला वाट मिळते. आणि लगेच मिशन प्रेसिडेंटना फोन करा. ते आणि त्यांच्या पत्नी दोघंही मिशनची जबाबदारी सांभाळतात, आजारपणाकडे लक्ष असतं, आणि या चर्चने मिशनरींसाठी मानसिक आरोग्याचे सल्लागार नेमलेले आहेत. त्यांच्याशी बोलणं व्हावं अशी मागणी करा. समाधान झालं नाही तर तिकीट काढा. त्या वेळी नियम, मुदत, लोक काय म्हणतील, काही पाहू नका. हे मी हॉस्टेलवर, जहाजावर, सैन्यात किंवा परदेशी नोकरीवर मुलं गेलेल्या सगळ्याच आयांना सांगतेय.

तुम्ही जाऊन भेटून यावं का? मिशन चालू असताना घरच्यांनी भेटायला जाणं तिथल्या नियमात बसत नाही, आणि मला त्यात अर्थ दिसतो. तुम्ही चार दिवस राहाल, त्याचं मूळ पुन्हा उपटून परत याल. पार्सल पाठवा. फार पाठवू नका, लहान गावातल्या खोलीत एकट्याने बेसनाचे लाडू खाल्ले की घर जास्त आठवतं. चार जणांना पुरेल इतकी चिवड्याची पाकिटं पाठवा, म्हणजे ती जोडीदाराकडे, घरमालकिणीकडे जातील.

एक काळजी मात्र आधीच मनात तयार ठेवा. त्या भागात वादळं येतात, आणि वादळात टॉवर पडतात. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये फिलिपिन्समधल्याच टॅक्लोबान शहरावर भयंकर वादळ आलं, तेव्हा तिथल्या मिशनरींची कित्येक घरच्यांना काही दिवस काहीच बातमी नव्हती. सगळी मुलं सुखरूप निघाली आणि त्यांना तिथून हलवलं गेलं. मिशनच्या ऑफिसचा नंबर तुमच्याजवळ कागदावर लिहिलेला हवा, यजमानांकडेही हवा. बातमी न येणं ही वाईट बातमी नसते, हे त्या दिवसांत स्वतःला सांगावं लागेल.

आता सासूबाई. तुम्ही लिहिलंत, "त्यांचं वय ८१, सोवळं-ओवळं अजून पाळतात, हे ऐकून त्या खचतील." शक्य आहे. पण त्या सांगलीच्या आहेत, ताई. मिरजेचं मिशन हॉस्पिटल त्यांनी ऐकलेलं असणार, कदाचित घरातलं कोणीतरी तिथे बरं होऊन आलेलं असेल. डॉ. विल्यम वानलेस विशीत समुद्र ओलांडून इकडे आले आणि १८९४ मध्ये मिरजेला ते हॉस्पिटल उभं राहिलं. त्यांचं चर्च वेगळं, काम वेगळं, ते इथे जवळपास चाळीस वर्षं राहिले, तुमचा मुलगा दोन वर्षांसाठी गेलाय; दोन्ही एकच असं मी म्हणत नाही. पण आपला धर्म सांगायला आईबापांना सोडून लांब गेलेला पोरगा ही गोष्ट त्या भागातल्या ८१ वर्षांच्या बाईला तुम्हाला वाटते तितकी अनोळखी नाही. त्यांना सगळ्यात जास्त लागेल ते नातवाने धर्म बदलला हे नाही, इतके महिने आपल्याला खोटं सांगितलं हे लागेल. आणि आज ना उद्या कोणीतरी फोटो दाखवणारच.

सांगा, पण तुम्ही सांगू नका. आधी मुलाला विचारा, आजीला हे तुझ्या तोंडून कळलेलं चालेल का? ही त्याची गोष्ट आहे, ती सांगायचा हक्क त्याचा. "मॉर्मन" हा शब्द तुम्ही पत्रभर वापरला, मीही वापरला, कारण वाचणाऱ्यांना तो ठाऊक आहे. पण २०१८ मध्ये त्यांच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी, रसेल नेल्सन यांनी, तो टाळून चर्चचं पूर्ण नाव, "द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स", घ्यावं अशी विनंती केली होती. मुलाला कोणतं नाव बरं वाटतं ते विचारून घ्या आणि घरात तेच वापरा. दारोदार जाऊन दुसऱ्याला आपल्या धर्मात बोलावणं तुम्हाला रुचत नाही असं तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत. मलाही ते रुचत नाही. हे त्याला कधीतरी सांगायलाही हरकत नाही, तो तेवढा मोठा आहे. पण बेटावरच्या चौथ्या आठवड्यात नको.

वेळेचं गणित मी करून पाहिलं. फिलिपिन्समध्ये सोमवारचे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा तुमच्याकडे रविवारचे संध्याकाळचे सहा-सात झालेले असतात, आणि सांगलीत सोमवारचे सकाळचे साडेसहा. आजी उठलेल्या असतील, पूजा व्हायची असेल. तिघांना एका फोनवर आणणं अवघड नाही.

पहिल्याच फोनवर धर्माचं काढू नका. बिकोलमध्ये एक पदार्थ घराघरांत करतात, लाइंग. अळूची पानं, नारळाचं दूध, मिरची. तिथल्या बायका बजावतात, शिजताना ढवळायचं नाही, ढवळलं की घशाला खाजतं. मुलाला या आठवड्यात शेजारच्या एखाद्या बाईंकडे जाऊन ते शिकून घ्यायला सांगा. हातात वही घेऊन, त्यांच्या बोलीतले शब्द लिहून घेत. जोडीदारालाही घेऊन जा म्हणावं. आणि मग सोमवारी आजीला फोनवर विचारू दे, "आजी, तू अळूत चिंच घालतेस की आमसूल? इथे तर म्हणतात, नुसतं ढवळू नका." सासूबाई त्यावर किती वेळ बोलतील हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्या बोलत असताना तुम्ही मधे पडू नका.